अष्टकळी

चिंतामण वायरमन दुकानात आला
तेव्हा मी निर्मलाच्या ब्लाउजला हुका लावत होते.
त्यानं मशीनवर एक जळकं प्लास्टिक ठेवलं,
पापडासारखं आक्रसलेलं.
"वच्छलाबाई, मले एक छत्री शिवून पायजे.
दांडी नाही. खाली मानूसबी नाही.
खाली रॉकेट."

मी हसले नाही. तोंडात सुई होती.

त्याला पार्सलानं येते ती पेटी.
पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचं नाक, लाकडाचे तीन पंख,
आणि बाण काढलेला एक कागद.
कागद तो नीट वाचतो,
घडी घालून खिशात ठेवतो,
आणि मग आपल्या मनाचं करतो.
तीन पंख होते, त्यानं चार केले,
पांगाऱ्याची फळी घासून घासून, नखाएवढी पातळ.
नळीला वीतभर नळी जोडली, माझ्याच अस्तराच्या ताग्यातली;
जड पडली, म्हणून चार रात्री बसून
आतून कागद सोलत राहिला.
नाकात वजन हवं होतं,
तर पोळ्याच्या मातीच्या बैलाचं वशिंड फोडून भरलं.
मग सुतळीला बांधून डोक्याभोवती गरगर फिरवलं,
ज्वारीत पाखरं हाकलायला गोफण फिरवतात तसं.
नाक पुढं राह्यलं तर सरळ जाते, म्हणाला,
शेपूट पुढं आलं तर आपल्याच अंगावर.

मला काळं छत्रीचं कापड दिसत होतं.
नको म्हणाला. काळ्या मातीत पडलं
तर जिंदगीत सापडत नाही.
मग कोणाच्या तरी ओढणीचं उरलेलं केशरी नायलॉन.

गोल कापायला लागला, मी कात्री काढून घेतली.
सपाट गोलाला पोट येत नाही, भाऊ.
आठ कळ्या घातल्या, परकराला घालतो तशा,
आणि वर टोकाशी
रुपयाएवढं भोक ठेवलं.
"हवा निघून जाईन ना बाप्पा!"
थोडी जाऊ द्या.
जिथं वाटच नसते तिथं शिवण उसवते,
हे मी वीस वर्षं काखेत पाहत आले.
रबर काढून परकराचं इलॅस्टिक लावलं.
घड्या चिकटू नयेत म्हणून
वर पावडर मारली, माझ्याच डब्यातली, मोगऱ्याची.

उलंगवाडी होऊन गेली होती.
पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात त्यानं सळई रोवली,
फवारणीच्या पंपाची बॅटरी, दोन वायरी,
पोरं धुऱ्यावर, कान आधीच दाबून.
पाच, चार.
तीनवर एक बकरी आडवी आली.
तिला हाकललं, पुन्हा पाचपासून.

मग फुस्सकन काहीतरी झालं आणि सळईवर काही नव्हतं.

गावातल्या हर खांबावर चढलेला हा माणूस,
सगळ्यांच्या गच्च्या वरून पाह्यलेला,
पहिल्यांदा मला खालून वर पाहताना दिसला,
तोंड उघडं, टोपी मागं पडलेली.
फट् असा बारीक आवाज आला,
उशिरा, जणू दुसऱ्या गावातून,
आणि केशरी ठिपका उमलला.
कळ्या इथून मोजता येत नव्हत्या.
मी मोजल्या.

वाऱ्यानं त्याला अडाणकडं नेलं.
पोरं धावली, चपला हातात घेऊन,
अंधार पडल्यावर परत आली.

तिसऱ्या दिवशी मडाव्यांच्या गुराख्यानं
छत्री आणून दिली, काट्यांसकट. रॉकेट नव्हतं.
आम्ही दोघांनी पालथी करून पाहिली.
इलॅस्टिकची गाठ सुटली होती.
गाठ त्याची. शिवण माझी.
शिवण शाबूत.
तो काही बोलला नाही, मीही नाही,
चहा मात्र त्यानं सांगितला.

खिळ्याला अडकवलेल्या वर्तमानपत्राच्या मापात
निर्मला ३८ आहे, बेबी मडावी ३४,
आणि मधात रॉकेट १४, अष्टकळी.

काल नवी पेटी घेऊन आला.
आता दोन मजली करतो म्हणे,
खालचं जळालं की वरचं सुटून जाते, दोन छत्र्या लागतील.
मी म्हटलं, आधी मागचे चाळीस रुपये द्या.